माडबेटावरचे पाणी

पिंपरी, दि. १४ जानेवारी १९७९

चि. सौ. सुमन हिस,
धोंडीबामामाचे अ. उ. आ. व जयभीम.

मी, धोंडीबा लक्ष्मण ओव्हाळ, वय वर्षे त्रेसष्ट, शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण, कारखान्याच्या फोर्ज शॉपमधून हेड मुकादम म्हणून निवृत्त, राहणार खराळवाडी, स्वखुशीने लिहून कळवितो की, मी आजवर समुद्र पाहिलेला नाही. ही गोष्ट तू कोणास सांगू नयेस.

लिहिण्यास कारण की, आमच्या चि. भीमराजास कंपनीची प्रवास सवलत मिळाली असून ती मार्चअखेर न वापरल्यास रद्द होते. तुझ्या मामीस डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. माझ्या तीन शिफ्टांपायी तिला एकवीस वर्षांत सलग झोप मिळाली नाही. आजही दुपारी भोंगा झाला की ती दचकून उठते व डबा भरला का, असे मलाच विचारते. म्हणून जेथे भोंगा नाही असे एखादे बेट किंवा किनारा पाहावा, असे ठरले.

भीमराजाने चित्रे आणली. अंदमान देखणे आहे. परंतु सरकार जेथे माणसांस शिक्षा म्हणून धाडीत असे, तेथे आपण रजा काढून जावे, हे मला पटत नाही. लक्षद्वीपास परवाना लागतो. गोव्याचे नाव काढले की भीमराज हसतो, कारण सांगत नाही. तुझ्या दवाखान्यापासून खाडीपलीकडे माडबेट आहे, असे तू मागे लिहिले होतेस. तेथे वस्ती किती? आवाज किती? भरतीची वेळ ठरलेली असते काय?

मुख्य मुद्दा शेवटी लिहितो. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी प्रवासात तुझ्या मामीस तहान लागली. एका घरी तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतले, आणि ते सांडले त्या जागी तिच्यादेखत सारवले. तेव्हापासून परगावी ती कोणाच्या घरचे पाणी पीत नाही. बरोबरचा तांब्या संपला की तहानलेली राहते. बेटावर आठ दिवस तसे कसे निभावेल? घरमालक पाणी कसे देतात, याचा स्पष्ट खुलासा करावा. नाहीतर मी न्हाई येत जा, असे तिने बजावले आहे.

आहे तो लोभ आटू देऊ नये.

तुझा,
धों. ल. ओव्हाळ

•

खारबंदर, दि. २३ जानेवारी १९७९

ती. मामांस,
सुमनचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचे पत्र वाचून मला माझी नोकरीची मुलाखत आठवली. तरी क्रमाने उत्तरे देते, नाहीतर मेमो यायचा.

माडबेटावर एकोणीस घरे आहेत, सगळी मुसलमान कोळ्यांची. सायकलसुद्धा नाही. वजीरचाचा आणि सलिमाचाची माडाखालची खोली पाहुण्यांना देतात. मी लसीकरणाला गेले की त्यांच्याच ओट्यावर बसते. आवाज मात्र आहे. समुद्र रात्रंदिवस गाजतो. आपल्याकडच्या कारखान्यांसारखी त्याला गुरुवारची सुट्टी नाही. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते.

पाण्याची काळजी नको. चाचीने मला कधी जात विचारलेली नाही. मामीला सांगा, आता नाही म्हणू नको, भाचीची शपथ आहे.

तुमची माया अशीच राहो.

आपली,
सुमन

•

पिंपरी, दि. २ फेब्रुवारी १९७९

चि. सौ. सुमन हिस अ. उ. आ.

उत्तर पोहोचले. रोज पन्नास मिनिटे उशीर करणाऱ्यास मी गेटबाहेर उभे केले असते. तथापि तो उशीरही नेमाने करतो, हे वाचून समुद्राविषयी आदर वाटला.

विचारली नाही म्हणजे चालते, असे मी धरीत नाही. विचारल्यावर काय होते, ते पाहावे लागते. आमच्या खात्यात सहीच्या चिठ्ठीवाचून खिळाही आत येत नसे. म्हणून मी श्री. वजीर यांस परस्पर रजिस्टर पत्र टाकून आमचे नाव, पूर्वीची जात, आताचा धर्म व मामीची हकिगत कळविली आहे, आणि मान्य असल्यास दोन साक्षीदारांसह लेखी कळवावे, अशी विनंती केली आहे. मागून कळले म्हणून कोणी भांडी घासून घेतली, असे पुन्हा होता कामा नये.

लोभ ठेवावा, रागावू नये.

धों. ल. ओव्हाळ

•

खारबंदर, दि. १३ फेब्रुवारी १९७९

ती. मामांस सविनय जयभीम.

मामा, काय करून ठेवलेत! वजीरचाचांना वाचता येत नाही. रजिस्टर आले म्हणून ते घाबरले, त्यांना वाटले कोर्टाचे. पोस्टमनने ते धक्क्यावर, मासळी उतरत असताना, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले. मामीची सारवलेली जागा आता सबंध बेटाला ठाऊक आहे.

चाची माझ्यावर उखडली. हा पाहुणा येतोय की फौजदार, असे म्हणाली. सही देणार नाही म्हणाली. मग बराच वेळ जाळ्यातले शिंपले काढत बसली आणि तिने जे सांगितले, ते मला तीन वर्षांत कळले नव्हते. इथे सहलीला लोक येतात, राहतात, अंगणात जेवतात, पण पाण्याचा हंडा खारबंदरहून स्वतःचा भरून आणतात. मुसलमानाच्या माठातले पाणी त्यांना चालत नाही. मी पिते, पण ती म्हणते, नर्सबाईला सगळ्या घरचे प्यावेच लागते.

तेव्हा तिचाही एक प्रश्न आहे, तो जसाच्या तसा कळवते. तुमची बाई आमच्या माठातले पाणी पिणार आहे का? पिणार नसेल तर खोली रिकामी नाही.

आता उत्तर तुमच्याकडून नको, मामीकडून हवे. पत्राची वाट पाहते.

सुमन

•

पिंपरी, दि. २१ फेब्रुवारी १९७९

चि. सौ. सुमन हिस अ. उ. आ.

तुझ्या मामीची हकिगत तिला न विचारता लिहिली, ही माझी चूक. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तुझे पत्र तिने पुन्हा वाचावयास लावले. सलिमाबींच्या घरचे कोणीच पीत नाही काय, असे तिने विचारले. होय, असे मी म्हणालो. त्यावर, आधीच बोंब मारणाऱ्या म्हाताऱ्याला घेऊन जायचं म्हंजे लाज हाय, एवढेच बोलून तिने फळीवरची पिशवी काढली. पाण्याबद्दल शब्द दिलेला नाही. मी विचारण्याचे धाडस केले नाही. आम्ही ५ मार्चला निघतो. सलिमाबींस काय सांगावे, ते तूच ठरव.

धों. ल. ओव्हाळ

•

माडबेट, दि. ७ मार्च १९७९

चि. सौ. सुमन हिस अ. उ. आ. व जयभीम.

लसीकरणामुळे तुला पलीकडेच राहावे लागले, म्हणून सविस्तर लिहितो. समुद्र पाहिला. त्याविषयी लिहिण्यास मजजवळ अजून शब्द जमलेले नाहीत. आज फक्त घडले ते नोंदवितो.

सकाळी दहाच्या सुमारास होडी लागली. ऊन कडक होते. मामीचा तांब्या खाडीतच संपला होता. ओट्यावर माठ होता. सलिमाबी दाराशी उभ्या होत्या. या बसा म्हणाल्या, परंतु पाणी घ्या असे म्हणाल्या नाहीत. भीमराज माझ्याकडे पाहू लागला, मी माडांकडे.

तेव्हा सौ. भिमाबाई भ्र. धोंडीबा ओव्हाळ यांनी चपला काढल्या, ओट्यावर चढून माठावरचे झाकण स्वतः उचलले, तांब्या बुडविला व तोंड लावून रिकामा केला. नंतर, पाणी मचूळ हाय, असा शेरा मारून, आता तुमी द्या, असे म्हणून तांब्या सलिमाबींपुढे धरला. त्यांनी भरून दिला. दुसराही ती उभ्याने प्यायली.

सध्या ती माडाखाली चटईवर निजली आहे. चार तास झाले. जेवावयास उठवावे की नाही, यावर येथे मतभेद आहेत.

वरील मजकूर माझ्यादेखत घडला असून खरा आहे. तुझा लोभ आहेच, तो वाढवावा.

धोंडीबा लक्ष्मण ओव्हाळ

समक्ष हजर:
वजीर (अंगठा)
भीमराज धोंडीबा ओव्हाळ (सही)
बरकत, होडीवाला (अंगठा)
सलिमाबी (अंगठा देत नाहीत, उभ्या होत्या, हे सर्वांनी पाहिले)