एका ताटातले घास

आत्याबाई,

परवा तुमची पणती दवाखान्यातून थेट माझ्याकडं आली. तिचा नवरा सोलापूरला दवाखान्यात आहे. दुखणं मोठं आहे, डॉक्टर अजून धड काही बोलत नाहीत. पोरगी आली ती हातपाय न धुता फडताळ उघडून उभ्याउभ्याच चिवडा खायला लागली. डबा निम्मा झाला, तशी हमसून रडली. म्हणाली, "आजी, तो तिथं नळ्या लावून पडलाय आणि मी दिवसभर खात सुटलेय. मला लाज कशी वाटत नाही?" मी म्हणाले, "लाज वाटतेय म्हणूनच उभ्यानं खातेस. बस आधी." ती बसली आणि मी तिला आपली गोष्ट सांगायला घेतली. सांगता सांगता मनात आलं, ही गोष्ट मी आजवर सगळ्यांना उलटी सांगत आलेय, आता पुरे. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

निजामाचं राज्य होतं. कळंबपासून आडवाटेला आपलं गाव, गावात ना दवाखाना ना डॉक्टर. डॉक्टर बार्शीला, म्हणजे सरहद्दीपलीकडं इंग्रजांच्या मुलखात, आणि मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. माझ्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते, मूलबाळ नव्हतं, मामंजी तर मी या घरात येण्याआधीच गेलेले. अशात ह्यांना, तुमच्या लेकाला, मुदतीचा ताप आला. कळंबचे हकीमसाहेब टांग्यातून आले, नाडी बघितली आणि तुम्हाला म्हणाले, "मुदती बुखार है, अम्मा. मुदत पूरी हुए बगैर जाता नइं. पेट में अनाज का दाना नक्को जाने देव." आतडं नाजूक झालंय, दाणा गेला तर जिवावर बेतेल, असं त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. त्या दिवसापासून तुम्ही घरातली फोडणी बंद केलीत. लंघनावरच्या माणसाचा जीव मोहरी-कांद्याच्या वासानं तळमळतो, म्हणून चुलीवर फक्त भाकरी आणि बिनफोडणीचं वरण. शेजारणीसुद्धा आपल्या बाजूची खिडकी लावून मगच तव्यावर तेल टाकायच्या.

आणि नेमकी त्याच दिवसांत मला भूक लागली. भूक कसली, वखवख होती ती. ह्यांच्या कपाळावरची पट्टी बदलून उठले की पाय आपोआप माजघराकडं वळायचे. सुगीचे दिवस, शेंगांची पोती भिंतीला लावलेली, गुळाची ढेप फोडलेली. शेंगा, गूळ, शिळी भाकरी, हाताला लागेल ते. एकदा तर येसराच्या मडक्यात हात घालून ते कोरडं मसाल्याचं पीठच तोंडात टाकलं. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, वर पाणी प्यायले आणि पुन्हा मूठ भरली. चव कशाचीच कळत नव्हती. तोंड चालू आहे तोवर मनात तो एक विचार येत नव्हता, एवढंच. चुलत सासूबाईंनी मला बघितलं आणि अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नवरा हांतरुणाला खिळलाय अन् हिचं तोंड थांबंना. असली अवदसा न्हाय बघितली!" मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तुम्ही भाकरी थापता थापता एवढंच बोललात, "खाईना का. राबती बी तीच."

मग ती दुपार. ह्यांचे गाल बसलेले, ओठ फुटलेले. मी पाण्यानं ओठ ओले करायला वाकले, तर डोळे उघडून म्हणाले, "तुझ्या तोंडाला शेंगांचा वास यायलाय." मी पदरानं तोंड पुसलं. "मला बी दे की गं. एकच दाणा. आईला न्हाय सांगत." आत्याबाई, एरवीचा धडधाकट माणूस लहान लेकरासारखा मागत होता, आणि माझ्या ओच्यात भाजलेल्या शेंगा होत्या. माझा हात ओच्याकडं गेला. द्यायला गेला की लपवायला, ते मला आजही सांगता येणार नाही. तुम्ही दारातून आलात आणि माझं मनगट धरलंत. रागानं नाही, पडणाऱ्या पोराला धरावं तसं. ह्यांना म्हणालात, "उतरू दे ताप. मग सगळं पोतं रिकामं कर." आणि मला स्वयंपाकघरात नेलंत.

आता माझी चामडी लोळवणार, असं मी धरूनच चालले होते. तुम्ही एक ताट घेतलंत, एकच. त्यात भाकरी, वरण, मिठाची चिमूट. मला समोर बसवलंत. म्हणालात, "पोरी, मला लई दिस झाले, घास उतरंना गेलाय. नुसता तोंडात फिरतोय. तू म्होरं बसलीस तर दोन घास जातील. पर एक करायचं. तू घेतल्याबिगर मी घेणार न्हाय, अन् मी गिळल्याबिगर तू दुसरा घ्यायचा न्हाय."

सासू-सुनेनं एका ताटात जेवायचं! आपल्याकडं सून सगळ्यांच्या मागून जेवायची, तीही चुलीकडं तोंड करून. पण तुम्ही भाकरी मोडून माझ्याकडं सरकवली, आणि मी जेवले. तुमचा एक घास म्हणजे बैलगाडीनं बार्शीला जाणं, पोचेल तेव्हा खरा. मी वाट बघत बसायची. हात रिकामा, तोंड रिकामं, आणि रिकाम्या तोंडातून एक दिवस तो विचार बाहेर पडला. "आत्याबाई, हे गेले तर मला माहेरी धाडाल का?"

असलं अभद्र तुमच्या तोंडावर बोलले, तुमच्या एकुलत्या एका लेकाबद्दल. तुम्ही चावायच्या थांबलात. मग म्हणालात, "तू ह्या घरची हायीस. तो असला तरी, नसला तरी. आता घास घे, माझी पाळी आडलीय." त्या दिवशी मी जी रडले, तशी त्या सगळ्या आजारपणात रडले नव्हते.

पुढं रोज सकाळ-संध्याकाळ तेच ताट. माजघराकडं पाय वळायचे थांबले असं नाही, पण मधेच तुमची हाक यायची, "ये गं, मला जेवाय घाल!" आणि मी हात झटकत धावायची. घरात मला एक मानाचं काम मिळालं होतं. अखेर ताप उतरला. ह्यांनी भाताची पेज वाटीनं पिऊन आणखी मागितली, आणि तुम्ही चुलीवर तेल ठेवून मोहरी टाकलीत. फोडणी तडतडली तशा शेजारच्या खिडक्या उघडल्या. "उतरला का हो ताप?" बाया तिथूनच विचारत होत्या.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी येईल-जाईल त्याला सांगायची, "ह्यांच्या दुखण्यात आत्याबाईंनी अन्न सोडलं होतं. मी घास घास भरवून जगवलं त्यांना." तुम्ही कोपऱ्यात वाती वळत असायच्या. मान हलवून म्हणायच्या, "व्हय बाई, हिनंच जगवलं."

तुम्ही गेलात तेव्हा निजाम जाऊनही बराच काळ लोटला होता. सुतकात घरची चूल पेटवायची नव्हती, शेजारणींनी पिठलं-भाकरी आणली. मला धास्ती होती ती माझ्याच तोंडाची. आता हे सुटणार, आणि भरल्या घरात माझी शोभा होणार. पहिला घास घेतला. तो तोंडात फिरत राहिला. पाणी प्यायले तरी उतरेना. लेकीनं पाठीवरून हात फिरवला तरी उतरेना. शेवटी परसात जाऊन टाकून आले.

तिथं उभी राहिले आणि कळलं. तिकडं पोटचा पोर जगतो की मरतो, आणि तुम्ही इकडं रोज दोन वेळा असले घास गिळत होतात. का, तर लोकाच्या पोरीनं सावकाश खावं, चोरून खाऊ नये, आणि तिला कुणी अवदसा म्हणू नये. ओच्यातल्या शेंगा तुम्ही पाहिल्या होत्या. सगळंच पाहिलं होतं.

आता राहिलेलं सांगते. हे कळल्यावरही मी गोष्ट बदलली नाही. मी सासूला जगवलं, हेच सांगत राहिले. ऐकायला बरं वाटायचं, आणि खोडून काढायला तुम्ही नव्हतात. असतात तरी खोडलं नसतंत म्हणा. परवा पहिल्यांदा सरळ सांगितली. नात डोळे पुसून म्हणाली, "मग हे तू त्यांना कधी सांगितलंस?" मी म्हटलं, कळलं तेव्हा त्या गेल्या होत्या. ती म्हणाली, "तरी सांग." सांगितलं, आत्याबाई. हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा, ते मात्र तिलाही ठाऊक नाही.