डोळ्यांखालचा हिरवा

४ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आपल्या मास्तरला, तुझ्या पोराला, भर वर्गातून उचलून नेलं हे वाचलं आणि मी मटकन रंगाच्या डब्यावर बसलो. डबा उघडा होता, हे उठल्यावर कळलं. एरवी तू हसून लोटपोट झाली असतीस.

अगं, पुस्तकातून काढून टाकलेली एक कविता पोरांकडून म्हणून घेतली, एवढ्यासाठी? तीच कविता आपल्याला गुरुजींनी शिकवली होती. टेबलावर पट्टीने ताल धरायचे, बाकांवर उन्हाची तिरीप यायची आणि सगळ्या वर्गाचा मिळून एकच गळा व्हायचा. शेवटच्या कडव्याला तू नेहमी सगळ्यांच्या पुढे पळायचीस. मला अजूनही वाटतं, जगाचं काही बिघडलं की सगळ्यांनी उभं राहून ती एकदा म्हणावी, म्हणजे सगळं जागेवर येईल. म्हातारा चळला म्हण हवं तर.

इथे चित्रपटगृहाला टाळं लागलंय. माझे बॅनर गोदामात गुंडाळून पडलेत, उंदरांची चैन आहे. काल कचेरीतले साहेब तिथे आले. थोरल्यांचं (आता देशात थोरले म्हणजे एकच) तीन मजली चित्र चौकात लावायचंय. मी गुडघेदुखीचं कारण काढलं. ते गोडीत म्हणाले, तुमचा भाचा आमच्याकडेच आहे ना? चित्र मनासारखं झालं तर त्याचंही बघता येईल.

ब्रश हा चित्रकाराचा गळा, असं मी त्याच भाच्याला सांगत आलो. तो गळा आता या माणसासाठी लावू? तूच सांग.

प्रकृतीला जप. माया आहे ती राहू दे.

तुझा,
दादा

११ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

गळाबिळा राहू दे. चित्र काढ.

तू लहानपणापासून असाच. आई जेवायला हाका मारून थकायची आणि हे महाराज कवितेतल्या नदीकाठी बसलेले. मी दर शुक्रवारी तुरुंगाच्या फाटकाशी धुतलेला सदरा घेऊन जाते. शिपाई तो ठेवून घेतो, मळका काही परत देत नाही. मळका हाती आला असता तर आमचा मास्तर तो अंगात घालतोय, एवढं तरी कळलं असतं. परवा विचारलं तर म्हणाला, बाई, हे काय कापडाचं दुकान आहे, बदलून द्यायला?

जन्मभर तू हिरो रंगवलेस. त्यातला एकही कधी तुझ्या दारात येऊन उभा राहिला नाही. आता एक नकोसा चेहरा रंगव, हात नाही झडणार. मला माझं पोर घरी हवंय, दादा. दुसरं काही नको.

शिडीवर चढताना कुणाला तरी धरायला सांग. बोलले ते पोटात घाल आणि धाकटीवरचा जीव कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी

६ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र टपालाने नाही, आपल्या बसच्या कंडक्टरच्या हाती धाडतोय. वाचून जाळ.

चित्र लागलं! तुझं ऐकलं आणि माझंही ऐकलं. कसं ते सांगतो. बॅनरवर खलनायक रंगवायची आम्हा लोकांची एक ठरलेली रीत आहे. हिरोच्या तोंडावर उजेड वरून पडतो, खलनायकाच्या हनुवटीखालून. आणि त्याच्या डोळ्यांखाली हिरव्याचा एक हात. नाव वाचता न येणारा माणूससुद्धा रस्त्याच्या टोकावरून ओळखायचा, हा दगा देणार. मास्तर लहानपणी माझ्या खांद्यावर बसून ओरडायचा, मामा, याच्या डोळ्यांखाली हिरवं आहे!

मी थोरल्यांना तोच उजेड दिला आणि तोच हिरवा. शिडीवर असताना तो एक डोळा पलंगाएवढा दिसतो, बाकी काही कळत नाही. खाली उतरून समोरच्या शिंप्याच्या दुकानातून पाहिलं, तर अंगावर काटा आला. या शहराची हयात माझे बॅनर बघण्यात गेली आहे. त्याला कळल्याशिवाय राहणार नाही. तोंडं शिवली असतील, डोळे तर उघडे आहेत? फार वर्षांनी मला वर्गात उभं राहून कविता म्हटल्यासारखं वाटतंय.

मास्तर सुटला की कळव. असाच जीव लावत जा.

तुझा,
दादा

३० जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हेही पत्र कंडक्टरच्याच हाती. मास्तरला सोडणार असल्याचं कचेरीतून कळलं. तुझं पोर घरी येतंय. बाकीचं आता तसं सांगण्यासारखं नाही, पण तुला नाही तर कुणाला सांगू?

मी रोज शिंप्याकडे जाऊन बसतो, लोकांची तोंडं बघत. कुणी हसत नाही, कोपर मारून कुणाला दाखवत नाही. चित्र आलं की माना खाली जातात, पावलं भराभर पडतात. ज्यांनी पूर्वी माझ्या खलनायकांना शिट्ट्या मारल्या, तेच हे. एक बाई हट्ट करणाऱ्या मुलीला त्या चित्राची भीती घालत होती. शिंपी गिऱ्हाइकांची मापं चित्राकडे पाठ करून घेतो.

कचेरीतल्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, इतके फोटो छापले पण हा धाक कशात उतरला नव्हता. याच चित्राच्या छापील प्रती तुरुंगात आणि कचेऱ्यांत आधीच लागल्या, आता प्रत्येक शाळेत लागणार आहेत. मी त्यांना शिवी दिली होती गं, ती त्यांनी चौकटीत बसवली.

लोभ करण्याजोगं काही उरलं असेल तर कर.

तुझा,
दादा

२२ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कंडक्टरच्या हातीच पाठवतेय.

मास्तर घरी आला. जेवतो. झोपतो मात्र बसूनच, भिंतीला टेकून. मी पाठीला तेल लावायला गेले तर सदरा काढू देईना.

तुला सांगू नकोस म्हणाला होता. पण मला एकटीला हे पेलवत नाही. चौकशीच्या खोलीत तुझ्या चित्राची प्रत लावली. तोवर त्याने कुणाचंही नाव सांगितलं नव्हतं. मान वर करून त्याने पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. दादा, त्याला कळलं. त्या सगळ्या इमारतीत त्याला एकट्याला कळलं.

का हसलास, म्हणून त्याला मारलं. दुसऱ्या दिवशीही तेच विचारलं, तिसऱ्याही. खरं सांगितलं असतं तर तुला उचललं असतं. शेवटी त्यांचं लक्ष तिथून काढायला त्याने त्यांना हवं होतं ते दिलं. शाळेत ती कविता पोरांकडून म्हणून घेणाऱ्या आणखी दोघांची नावं. गणिताच्या बाई आणि ग्रंथपाल. त्या आठवड्यातच दोघांना नेलं. म्हणून याला सोडलं, तुझ्या चित्रासाठी नव्हे. बाईंची आई आमच्याच गल्लीत राहते. शुक्रवारी ती धुतलेलं पातळ घेऊन निघते, तेव्हा मी दार लावून घेते.

तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. कचेरीत जाऊन खरं सांगून मोकळा होशील. ते करू नकोस. त्या दोघांना ते सोडणार नाहीत, तुला नेतील, आणि याने जे विकलं ते फुकट विकलं असं होईल. गप्प राहा. थोरला भाऊ म्हणून जन्मात एवढंच मागते.

तुझी,
धाकटी

१ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

जात नाही. गप्प राहतो.

सगळ्या शहरात आपलं बोलणं एकाला तरी कळावं, असं मी शिडीवर मनोमन म्हणत होतो. तो एक आपलाच निघाला.

उन्हाने चौकातलं चित्र उडायला लागलंय. डोळ्यांखालचा रंग होता तसा गडद करून द्या, असा निरोप आला. नाही म्हटलं तर का नाही, हे विचारतील, आणि त्याचं उत्तर मला द्यायचं नाही. उद्या सकाळी चढतो. शिडी धरायला कचेरीने त्यांचा शिपाई दिला आहे.

मास्तरला सांग, मामाने विचारलंय. नको, काहीच सांगू नकोस. लोभ असावा असं लिहायला हात उचलत नाही. माझा आहे, तो तेवढा तुझ्याकडे ठेव.

तुझा,
दादा