पत्रातली संत्र्याची झाडं

आबा,

ओळ सुरू करायला पेन टेकवलं की ते आपोआप कागदाच्या उजव्या कडेला जातं. इथे सगळं उजवीकडून डावीकडे लिहितात, आणि माझा हातही आता तसाच वळला आहे. तीन कागद वाया गेले, तेव्हा कुठे हा चौथा मराठीसारखा दिसू लागला. तुम्ही गेलात तेव्हा साठीलाही पोचला नव्हतात, मी ऐंशीच्या पुढे गेले आहे. म्हणजे आता मीच तुमच्याहून मोठी. दुपारचं जेवण झालं की खुर्चीतच डोळा लागतो आणि त्या अर्धवट झोपेत मी पनवेलला जाते. प्रवास वगैरे काही नसतो. इथला बसथांबा ओलांडून कोपऱ्यावर वळलं की मिठागरं लागतात, आणि त्यात मला काही नवलही वाटत नाही. मिठाचे ढीग उन्हात नुसते पांढरे, मागे खाडीचं पाणी हलतंय की नाही कळू नये इतकं संथ, आणि लांब कर्नाळ्याचा सुळका धुरकटलेला. त्याच्या अलीकडे कुठेतरी वाफेचा मोठा लोट उठतो आणि मला कळतं, आज आबांनी चाकाला लोखंडी धाव चढवायला काढली आहे.

धाव चढवायचा दिवस मला सगळ्यात आवडायचा. त्या झोपेत मी सात वर्षांची आहे. अंगणात गोवऱ्यांची गोल रास पेटली आहे, तिच्यात लोखंडाची मोठी कडी लाल होते आहे. तुम्ही आणि तुमचा गडी चिमट्यांनी ती उचलता, बाभळीच्या चाकावर बसवता, हातोडे पडतात, लाकूड धुमसतं आणि मग घागरीमागून घागरी पाणी. वाफेत तुम्ही दिसेनासे होता. मी दर वेळी घाबरते आणि दर वेळी तुम्ही वाफेतून बाहेर येता, भुवयांवर पाण्याचे थेंब घेऊन, माझ्याकडे बघून न हसता. कामात तुम्ही हसत नव्हता. गाव आपल्याला शनवार तेली म्हणायचं, पण तेलाचा घाणा तुमच्या आजोबांच्या वेळीच थांबला होता. उरला होता तो शनिवार, आपला काम न करण्याचा दिवस. त्या दिवशी कितीही घाईचा गाडीवान आला तरी तुमच्या कारखान्याचं फळकूट लावलेलं असे, आणि कोणी कुरकुरत नसे. या गावात आपल्याला कधी कोणी धर्मावरून काही विचारलं नाही, असं तुम्ही नेहमी म्हणायचात. आसपासची बेने इस्रायल ज्यूंची घरं एकेक करून इस्रायलला जायची बांधाबांध करू लागली, तेव्हाही तुम्ही हेच म्हणत राहिलात.

मी जाणार हे तुम्हाला सांगितलं तो शुक्रवार होता. आई जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती आणि शुक्रवारचा स्वयंपाक तुम्ही आणि मी मिळून करायचो. तुम्ही विळीवर बसून नारळ खवत होता, मी पेल्यात आधी पाणी आणि मग तेल ओतून शनिवारचा दिवा तयार करत होते. सव्वीस वर्षांची होते. मुंबईच्या इस्पितळात सुईणीचं शिक्षण घेतलेलं, गावच्या दवाखान्यात नोकरी, आणि पेणच्या एका विधुराचं स्थळ दुसऱ्यांदा आलेलं. ते सगळं एका बाजूला, पण खरं कारण मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. मला फक्त अशा ठिकाणी जायचं होतं जिथे रस्त्यातून चालताना कोणाला माझं घर माहीत नसेल. तुम्हाला मी एवढंच सांगितलं, की तिकडे दवाखान्यांत माणसं लागतात आणि माझे कागद आले आहेत. विळीचा आवाज थांबला. तुम्ही विचारलंत, माणसं इथे लागत नाहीत का. मी म्हटलं, लागतात. बरोबर कोण आहे, असं विचारलंत. मी म्हटलं, कोणी नाही, एकटीच. तुम्ही खोबऱ्याची वाटी हातात फिरवलीत. मग म्हणालात,

"बाय, पोरीने सोडून पळून जावं असा बाप मी नव्हतो."

तुम्ही पुन्हा खवायला लागलात आणि त्या वाटीत करवंटीचं तपकिरी सालसुद्धा उतरलं, जे तुमच्या हातून एरवी कधी होत नसे.

त्यानंतरचे दीड महिने आपण चांगले बोलत होतो, म्हणजे भाजीबद्दल, पाण्याबद्दल, धाकट्या भावाच्या कचेरीतल्या नोकरीबद्दल. जाण्याच्या आदल्या आठवड्यात कामोठ्याचा तो उंच गाडीवान चाक दुरुस्तीला घेऊन आला होता, ज्याची बायको माझ्या हातून बाळंत झाली होती. त्याला बातमी कळली होती. तो तुम्हाला म्हणाला, "पोर एकली जातेय, मंग तुमी का नाय जात?" तुम्ही चाकाच्या आऱ्यावरून तासणी न उचलता म्हणालात, "माझी चाकं इथल्या रस्त्यांची आहेत." मी आत उभी राहून ऐकलं. मला वाटलं, हे तुम्ही त्याला नाही, मला सांगता आहात.

निघायच्या दिवशी तुम्ही मला शिसवी पाट दिलात. तुम्ही तो केव्हा केलात ते मला कळलंच नव्हतं. तिकडे जमिनीवर बसायचं झालं तर थंडी लागू नये, असं काहीतरी पुटपुटलात. लाँच सुटली तेव्हा भरती होती. धाकटा हात हलवत होता, तुम्ही धक्क्यावर नुसते उभे होता. पाणी वाढत गेलं आणि तुम्ही हळूहळू बारीक झालात. मला वाटत राहिलं की लाँच जागच्या जागी आहे आणि धक्काच तुम्हाला घेऊन वाहत चालला आहे. अजूनही झोपेत मला ते तसंच दिसतं.

इथे उतरल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी बाजारातून जात होते. उन्हाने डोळे दिपले होते, सगळीकडे वाळू, न कळणारी भाषा. अचानक मागून एका मुलीने हाक मारली, "आबा!" मी गर्रकन वळले. ती दुसऱ्याच माणसाकडे धावत गेली. इथेही बापाला आबाच म्हणतात, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. पुढे कितीतरी दिवस मी रस्त्यात अशी वळत राहिले.

परदेशी नोकरी म्हणजे पेटी भरून पगार, अशी आपल्या गल्लीची समजूत होती. माझं प्रमाणपत्र इथल्या भाषेत परीक्षा दिल्याशिवाय चालणार नव्हतं. तोवर मी दवाखान्यात मदतनीस. भांडी रिकामी करायची, चादरी धुवायच्या, म्हाताऱ्यांना कुशीवर वळवायचं. पगार इथल्या कोणाही मदतनीस बाईला मिळायचा तेवढाच, आणि महिन्याचा शेवटचा आठवडा पाव, जैतुनाची फळं आणि बिनदुधाच्या चहावर जायचा. राहायला दवाखान्यामागची पत्र्याची खोली, रुमानियाहून आलेल्या एका वयस्क बाईबरोबर. आम्हा दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. दुपारी वारा सुटला की पत्र्याच्या फटींतून वाळू येई आणि दोघी मुकाट्याने आपापल्या खाटेवरून ती झटकत असू. तुम्हाला सांगते, मी दुःखी नव्हते. संध्याकाळी वाळवंटावर जांभळी सावली पसरायची तेव्हा मी पाट घेऊन दारात बसायचे, आणि मला कोणीच ओळखत नाही या विचाराने अंग हलकं व्हायचं.

पण पत्रात हे कसं लिहायचं? माझं पत्र शनिवारी प्रार्थनेहून आल्यावर ओटीवर मोठ्याने वाचलं जाणार, शेजारचे सगळे ऐकायला बसणार, आणि सुताराची मुलगी परदेशात जाऊन घाण काढते हे तुम्हाला सगळ्यांसमोर ऐकावं लागणार. पेन हातात घेऊन मी बसले होते. समोर त्या रुमानियन बाईने भिंतीला एक कॅलेंडर लावलं होतं. त्यावर संत्र्याच्या झाडांचं चित्र होतं, फळांनी लगडलेली, खाली हिरवं गवत. मी ते बघितलं आणि लिहिलं, माझ्या खिडकीबाहेर संत्र्याची झाडं आहेत.

तुमचं उत्तर आलं, सुतारी पेन्सिलीने लिहिलेलं, अक्षरं जाड आणि ताठ. झाडं किती, पाणी कुठून घालतात, वर्षातून एकदाच फळ धरतं का. बाकी एका शब्दाचीही चौकशी नाही. दीड महिने माझ्या जाण्याबद्दल एक शब्द न बोललेले तुम्ही झाडांबद्दल विचारत होता. मी बाजारात फळवाल्याला खाणाखुणा करून माहिती काढली आणि लिहिली. पुढच्या पत्रात झाडांना मोहोर आला. त्याच्या पुढच्या पत्रात झाडाखाली एक बाक आला, कारण तुम्ही विचारलं होतं की सावलीला बसता येतं का. चार वर्षं ती बाग वाढत राहिली. कधी कधी कामावरून परतताना मला त्या मोहोराचा वास यायचा, खरंच यायचा, आणि पत्र्याचं दार उघडेपर्यंत तो टिकायचा.

चार वर्षांनी तुमचं ते पत्र आलं. ते मला पाठ आहे.

"बाय, चाकांचं काम आता फार राहिलं नाही. गाड्यांना रबरी टायर लागले. धाकट्याच्या संसारात माझी अडचण नाही, सून चांगली आहे, पण माझं कामही नाही. तुझ्या झाडांना आळी करायला, फांद्या बांधायला माणूस लागत असेल तर मी येतो. तिकडे लाकूड कोणतं मिळतं तेही लिही. जागा असेल तरच कळव."

मी ते पत्र एप्रनच्या खिशात घालून तीन दिवस काम केलं. तुम्ही येणार. तुम्ही कारखान्याला कायमचं फळकूट लावून, ज्या गावाने कधी काही विचारलं नाही ते गाव सोडून, माझ्याकडे येणार. आणि दारात उभं राहून झाडं शोधणार. मला ते इतकं स्पष्ट दिसलं की आजही ते घडून गेल्यासारखं वाटतं. तुम्ही दाराशी आहात, हातात वळकटी आहे, तुम्ही पत्र्याकडे बघता, वाळूकडे बघता, आणि मग माझ्या हातांकडे बघता.

चौथ्या दिवशी मी लिहिलं, की इथला उन्हाळा फार कडक असतो, या वर्षी तुम्हाला सोसायचा नाही. पुढच्या वर्षी मला मोठी खोली मिळणार आहे, तेव्हा या. तुमचं उत्तर एका ओळीचं होतं. "बरं. पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष यायच्या आत धाकट्याची तार आली. ताप आला होता, तीन दिवसांचा. तार हातात पडली तेव्हा तुम्हाला पुरूनही झालं होतं. मी तुमच्या पाटावर एक दिवस बसले, कारण सुतकाचे सात दिवस बसायला रजा नव्हती. ती रुमानियन बाई काही न विचारता समोर जमिनीवर येऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिली. त्यानंतर काही महिन्यांनी मी परीक्षा पास झाले, नर्सचा हुद्दा मिळाला, आणि दोन खोल्यांचं घरही.

पनवेलला मी एकदाच आले, तुम्ही गेल्यावर सहा-सात वर्षांनी. गावात आता आगगाडी येत होती. ओटीवर जुने शेजारी जमले आणि प्रत्येकाने माझ्या संत्र्यांची चौकशी केली. तुम्ही सगळ्यांना सांगितलं होतं. कामोठ्याचा तो गाडीवान, आता केस पिकलेला, म्हणाला की म्हातारा हरेक चाकामागे एक गोष्ट त्या बागेची सांगायचा. मी हसले. दुपारी धाकट्याने माळ्यावरून एक पेटी खाली काढली. आत तुमची हत्यारं होती. तासणी, पटाशा, गिरमिट, प्रत्येकाला तेल लावून, गोणपाटात वेगवेगळं गुंडाळून, सुतळीने बांधलेलं. धाकटा म्हणाला, "जायच्या आधी दोन महिने हेच करत बसले होते. विकायचीत का विचारलं, तर म्हणाले, लागतील. कशाला लागणार होती, देव जाणे."

मी सुतळीची एक गाठ बोटाने चाचपत होते. ती इतकी घट्ट होती की लांबच्या प्रवासातही सुटली नसती. तुम्ही मला काय लिहिलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं, हे त्याला सांगायला तोच क्षण होता. मी म्हटलं, "हो का," आणि सुनेने चहा आणला.

धाकटाही आता नाही, त्यामुळे हे सांगायला मागे कोणी उरलं नाही. गेली कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत आले, की ते पत्र लिहिताना माझ्या मनावर दगड होता, तुमची फजिती होऊ नये म्हणून मी तसं लिहिलं, मला फार जड गेलं. यातलं बरंचसं खरं आहे. पण हा कागद मी टपालपेटीत टाकणार नाही, म्हणून एक गोष्ट लिहिता येते. तुम्हाला येऊ नका असं लिहिलेलं ते पत्र टाकून मी वॉर्डात गेले, चादरी बदलू लागले, तेव्हा खिडकीशेजारच्या म्हातारीने मला हाताने थांबवलं आणि विचारलं, आज कसली आनंदाची बातमी आहे. मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, मग इतका वेळ गुणगुणते आहेस ते काय.