बाटलीभर पाणी आणि सतरा जातींचे मासे

तळ्याकाठून, मार्गशीर्षातला मंगळवार, १९७६

तीर्थरूप दाजींना आणि आक्काला उत्तरेश्वरचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? इकडं आबांचा खोकला कमी आहे, शेळी व्याली, ज्वारी पोटऱ्यात आहे. एवढं सोडलं तर फारसं बरं न्हाय. तळ्यात कंबरभर पाणी असताना आमची मच्छीमार सोसायटी बुडायला आली आहे. तुम्ही सोलापूरच्या कॉलेजात प्राण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरीला, म्हणून तुम्हालाच लिहितो.

झालं असं. बहात्तरच्या दुष्काळात ह्या तळ्याच्या तळातनं बैलगाड्या चालल्या, हे तुम्ही बघितलंच आहे. पुढं पाणी आलं, पण मासा काही म्हणावा तसा आला न्हाय. म्हणून आम्ही भोयांच्या अकरा घरांनी सोसायटीतर्फे सरकारकडं माशाचं बी, म्हणजे तळ्यात सोडायला बारकी पिल्लं, मागितलं. मासेखात्याच्या जिल्ह्याच्या साहेबांनी उलट कळवलं, की तळ्याचं बाटलीभर पाणी पाठवा आणि किती जातींचे मासे आहेत त्याची यादी पाठवा. दोन्ही पसंत पडलं तर बी मिळंल आणि तळं आमच्याकडं राहील, न्हाय तर तळ्याचा लिलाव. अकरा घरांना दुसरा धंदा येत न्हाय. (धुळाप्पा चेअरमन आहेत, पण तो काय धंदा न्हवं.)

आता साहेबाला पाणी द्यायचं म्हणजे आपल्यात कसं देतात, तुम्हाला ठाऊक आहे. मी बाटली भरून आणली, तर आमच्या पुतळाबाईनं ती उजेडाला धरली. आत शेवाळ, दोन किडे आणि म्हशीचा एक केस. म्हणाली, हे साहेबाला पाजणार? मी म्हणलो, अगं, तपासायचंय, प्यायचं न्हाय. तर म्हणाली, तोंडाला लावल्याबिगर कुणाला पाण्याची पारख होत असती का? (तिच्याशी वाद घालायची माझी ताकद लग्नाच्या पहिल्या वर्षीच संपली.) तिनं पाण्यात तुरटी फिरवली, धोतराच्या चार पदरांतनं गाळलं, उकळलं आणि वरनं चिमूटभर वाळा टाकला. धुळाप्पांनी बघून मान डोलावली आणि बाटलीवर सोसायटीचा शिक्का मारला.

राहिली यादी. ह्या सालात आमच्या जाळ्यात आलेल्या जाती चार. मरळ, शिंगटा, चिलापी आणि झिंगा. (झिंगा हा मासा न्हवं असं तुमचे प्रोफेसर म्हणतील, पण मुरूमच्या बाजारात तो माशातच बसतो.) तरी जुनं जाणतं माणूस म्हणून आबांपुढं कागद घेऊन बसलो. त्यांची नजर गेल्यापासनं ते नुसत्या हातानं चाचपून मासा ओळखतात. ते सांगत गेले, वाम वडाखालच्या कपारीत, शिवडा सांडव्याच्या तोंडाशी, असं प्रत्येकाच्या घराच्या पत्त्यासकट. सतरा जाती झाल्या. त्यातल्या तेरा दुष्काळात गेल्या. आबा, ही हयात असलेल्यांची यादी आहे, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण भाऊबंदांची नावं घ्यावीत तसा त्यांचा आवाज लागला होता, मला सांगवलं न्हाय. सतराच्या सतरा लिहून टाकल्या.

महिन्यानं उत्तर आलं. हे पाणी इतकं निर्मळ आहे, की त्यात माशाला खायला काहीच न्हाय. आणि असल्या पाण्यात सतरा जाती जगतात, हे बघायला साहेब येत्या सोमवारी स्वतः येणार आहेत. धुळाप्पांनी चावडीवर पत्राचं पहिलंच वाक्य वाचून दाखवलं, तेही अर्धं. तवापासून निम्मं गाव प्यायला तळ्याचं पाणी नेतंय. नव्या वसाहतीची मोरी त्याच तळ्यात सुटते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण सरकारी कागदापुढं नाकाचं कोण ऐकतंय?

असो. तुम्ही कंबरेला जपा. आक्काला सांगा, आबा जेवतात.

तुमचा,
उत्तरेश्वर

ता. क. मूळ काम लिहायचं राहिलं. तुमच्या कॉलेजात बरण्यांत मासे ठेवलेले असतात म्हणे. त्यातले तेरा एका दिवसापुरते मिळतील का? नावं कागदाच्या पाठीमागं लिहिली आहेत. रंग उडालेले असले तरी चालतील, साहेबाला लांबनंच दाखवू. म्हणाल तशा धुऊन पुसून बरण्या परत करतो.

आणखी ता. क. बरण्या राहू द्या. पाकीट चिकटवायच्या आधी हे सगळं आबांना वाचून दाखवलं. मला वाटलं हसतील. त्यांनी कागद मागून घेतला आणि बोटांनी चाचपला. मग म्हणाले, नावं म्या घातली, साहेबापुढं खोडायलाबी मीच सांगतो. कुठला मासा कुठं राहायचा आणि कवापासनं हाताला लागंना, ते एकेक करून सांगणार आहेत. मोरीचंही सांगणार. बी मिळंल का न्हाय, देव जाणे. दाजी, तुम्ही मात्र रविवारच्या यष्टीनं या, आक्काला घेऊन या. तेरा नावं खोडून होईस्तोवर आबांचा हात धरून बसायला घरचं माणूस पायजे. माझ्या हातात लेखणी असणार आहे.