चढावर मागची जागा

औंढा नागनाथ
ता. ५ फेब्रुवारी १९४४, शनिवार

ति. गं. भा. अनुसयावन्सं यांच्या चरणी नर्मदेचा नमस्कार.

तुमचं पत्र बुधवारी पोचलं. आम्ही दोघं ठीक आहोत. आम्ही राहतो ती घरमोटार अजून इथल्या कापसाच्या जिनाच्या आवारातच उभी आहे. दिवसभर कापसाचा धुरळा उडतो. ताटावर फडकं झाकल्याशिवाय घास खाता येत नाही. यांना श्वास घ्यायला फुरसत नाही, एक यंत्र दुरुस्त केलं की दुसरं बसतं. मी सकाळी नागनाथाचं दर्शन घेऊन येते, तेवढंच माझं फिरणं-बोलणं. शिवरात्र जवळ आली, त्यामुळं पेठेत आतापासूनच दुकानं वाढली आहेत. तुमच्यासाठी अंगारा या पत्रात घातला आहे, उघडताना सांडू देऊ नका.

तुम्ही विचारलंत, दाजींची मोटार बाळापूरला कधी आणता आणि कोणत्या वाटेनं. इंजिन अजून उघडंच पडलं आहे, तेव्हा तिला पहिल्यासारखंच घरमोटारीमागं साखळी बांधून ओढत आणावं लागेल. हे म्हणतात, सतरा तारखेला गुरुवारी निघू. वाट सडकेचीच. औंढ्याहून हिंगोली, मग कळमनुरी, मग तुमचं बाळापूर. वळसा आहे, पण चाकाखाली खडी आहे आणि ओढ्यांवर पूल आहेत.

चढाच्या वाटेनं आणा असं तुम्ही लिहिलंत. ती वाट आता राहिली नाही असंच समजा. मुळात ती मोटारीची नव्हेच, लमाणांच्या बैलांची. काटेरी झुडपं आत आली आहेत, तिसऱ्या वळणाची कड ढासळली आहे. बघण्यासारखं तिथं काही नाही.

दाजींना त्रास झाला का, हे तुम्ही प्रत्येक पत्रात विचारता. वन्सं, मी मागच्या खिडकीशीच बसले होते. सातव्या वळणापर्यंत ते मला दिसत होते, सगळं ठीक असल्याचं पांढरं फडकं त्यांनी दाखवलं. त्यानंतर जे झालं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. त्यांना काही कळलंही नसेल. हे मी सगळ्यांना सांगितलं आहे, तुम्हालाही तेच सांगते. मनाला लावून घेऊ नका. दुपारी थोडं पडत जा.

आपली,
नर्मदा


औंढा नागनाथ
ता. १२ फेब्रुवारी, शनिवार

अनुसयावन्सं,

हे पत्र टपालानं न पाठवता थावराच्या हाती देते आहे. चढाच्या पायथ्याशी लमाणांचा तांडा आहे, तिथला हा म्हातारा. त्या दिवशी दाजींपाशी पहिला तोच पोचला होता. वाचून झालं की त्याला बसवून घ्या, पाणी द्या, आणि विचारायचं ते विचारा. काही लपवू नकोस असं मी त्याला सांगितलं आहे. आजवर त्यानं लपवलं ते माझ्याच सांगण्यावरून.

तुमचं उत्तर परवा आलं. तुम्ही लिहिलंत, "त्यांना काही कळलं नाही म्हणतेस, तर मग मला भीती कशाची? मी औंढ्याला येते. चढाच्याच वाटेनं चला, आणि मागच्या मोटारीत त्यांच्या जागेवर मी बसते. चाक धरायला त्यांनी मला शिकवलं आहे." माझ्याच पत्राच्या भरवशावर तुम्ही त्या जागेवर बसायला निघालात. म्हणून आता जसं झालं तसं लिहिते.

औंढ्याला येताना चढाची वाट मी निवडली. हे सडकेनं चला म्हणत होते. मी वही काढली, मैल मांडले, चढानं वीस मैल वाचत होते. पेट्रोलची कुपनं हंगाम सरेपर्यंत पुरवायची होती. दाजी हसले.

"किसनराव, वहिनींची वही बोलली. आता नागनाथ बी काही बोलत न्हाई. चला चढानं."

"दाजी, मागं तुमी बसणार हाव, मी न्हाई," हे म्हणाले.

"बसतो की. आजवर बायकोच्या मागं चाललो, आता मेव्हण्याच्या मागं."

त्यांचं हे बोलणं तुमच्यापर्यंत पोचायला हवं होतं. दोन महिने मी तेही माझ्यापाशीच ठेवलं.

पायथ्याशी थावरा भेटला. त्यानं दोन गाड्यांमधली साखळी हातानं उचलून पाहिली आणि खाली ठेवली.

"बाई, हे सोडा. इथून वर मागं काही बांधून न्यायचं न्हाई."

"काहून?"

त्यानं सांगितलं, त्यांचे आजे-पणजे मिठाच्या गोण्या लादून याच वाटेनं बैल नेत. चढ लागला की शेवटच्या बैलाचा दोर सोडायचा. तो मोकळा चालणार, आणि त्याच्या मागं एका जनावराची जागा रिकामी ठेवायची. "चढावरून जे पडले, त्येंची जागा हाय ती. त्ये मागं लागून वर येतात, वर पोचले की आपले आपण जातात. तुमी तिथं गाडी बांधली, तर त्येंला वाटल आपल्यासाठीच आणली."

"मग मोटार वर न्यायची कशी?" दाजींनी विचारलं.

"मोठी गाडी आधी जाऊ द्या. ही मी माझे बैल जुंपून आणतो. जुंपलेलं चालतं, मागं बांधलेलं चालत न्हाई."

त्यानं मजुरीसुद्धा मागितली नव्हती. हे तयार होते. दाजीही खाली उतरले होते. मी नको म्हटलं. दुपार मोडली असती. आणि मी रोज देवाला जाते, उपास करते, पण तांड्यातल्या म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून साखळी सोडायची हे माझ्या देवधर्मात बसेना. दाजी पुन्हा चाकापाशी जाऊन बसले. थावरा आमच्या वाटेतून बाजूला झाला आणि त्यानं आमच्याकडं पाठ केली.

आमची रीत तुम्हाला ठाऊक आहे. मी घरमोटारीत मागच्या खिडकीशी बसते. माझ्या हातात घंटीची दोरी, ती यांच्या कानाशी वाजते. मागून दाजींनी लाल फडकं दाखवलं की दोरी ओढायची. निघताना हे म्हणाले होते, "चढावर उगीच थांबवू नको. थांबलो तर मागं घसरू."

दोन वळणं नीट गेली. भर दुपारचं ऊन होतं. तिसऱ्या वळणावर मोटारीचं डावं चाक दगडावर चढलं आणि ती दरीकडं कलली. तिचं दार धड लागत नसे, आतून सुतळीनं बांधून ठेवत, ते तुम्ही पाहिलं आहे. सुतळी तुटली. दार उघडलं आणि दाजी बाहेर गेले. ओरडले नाहीत. जाताना त्यांनी खिडकीकडं पाहिलं. वन्सं, त्यांनी मला पाहिलं आणि मी त्यांना पाहिलं.

दोरी माझ्या हातात होती. मी ओढली नाही.

कारणं मी नंतर पुष्कळ जुळवली. थांबलो तर दोन्ही गाड्या दरीत जातील, हेही जातील, असं म्हणता येतं. पण त्या वेळी मनात एवढंच होतं, की पुढचं वळण येऊ दे. हाकणारं कुणी नाही, मोटार वळणावर सरळ जाईल, साखळी तुटेल, मग आपोआप थांबावंच लागेल. मला काही करावं लागणार नाही.

चौथ्या वळणावर मोटार वळली.

दार बंद होतं. चाकावर हात होते. काचेवर ऊन पडलं होतं, तोंड दिसेना. मी म्हटलं, दाजी धावत येऊन बसले. एका बाजूला उभी दरड आणि दुसऱ्या बाजूला कडा, मधून धावायला वीतभर जागा नव्हती, हे मला समोर दिसत होतं. तरी मी म्हटलं, बसले. तेवढ्यात पांढरं फडकं वर झालं. मी काही विचारलंही नव्हतं.

तिथून वर साखळीला एकदाही हिसका बसला नाही. दाजींचं हाकणं जरा धसमुसळं, हे त्यांच्यामागं बोलू नये, पण तुम्हीच हसायच्या. हे हाकणं तसं नव्हतं. पाऊल चुकायचं नाही अशा सवयीच्या जनावरासारखी मोटार मागं येत होती. इंजिनाचं कण्हणं थांबलं. हे पुढून ओरडून म्हणाले, "दाजी आज झ्याक हाकून राहिले. ओझंच लागंना." मागून कुणी ढकलावं तशी आमची गाडी हलकी झाली होती.

सहाव्या वळणावर सावली आली आणि काचेवरचं ऊन गेलं. तेव्हा तोंड पाहता आलं असतं. मी फक्त हातांकडं पाहिलं. कोपरापर्यंत पांढरे होते, काही तरी वाळून चिकटल्यासारखे. पीठ म्हणाल तर पीठ. आता मला ते मीठ वाटतं.

माथ्यावर हे उतरून मागं गेले. मोटारीत कुणी नव्हतं. दार आतून सुतळीनं बांधलेलं होतं. तुटलेली दोन टोकं ओढून गाठ मारली होती, ती सुटेना, शेवटी यांनी चाकूनं कापली. ते तुकडे संध्याकाळी थावरानं हातात घेऊन पाहिले. म्हणाला, "ही गोणीची गाठ. माजा आज्या मारायचा. आता आमच्यात कोणालाच येत न्हाई."

यांनी मला विचारलं, "दाजी शेवटचे कुठं दिसले?"

मी म्हटलं, "सातव्या वळणावर."

तिसऱ्या वळणावर म्हटलं असतं, तर मग घंटी काहून वाजवली नाहीस, हा प्रश्न आला असता. म्हणून आम्ही सातव्या वळणाखाली शोधलं. हे काट्यांत शिरून हाका मारत होते, मीही मारत होते. मला ठाऊक होतं की ते तिथं नाहीत. दीड तास गेला. मग खालून, तिसऱ्या वळणाच्या बाजूनं, थावराची हाक आली. वरून घरंगळत तिथवर आले असतील, असं हे समजले.

जागच्या जागी गेले असं मी तुम्हाला लिहिलं. तसं झालं नाही. थावरानं ते पडल्याचा आवाज ऐकला होता. तो पोचला तेव्हा ते शुद्धीवर होते, पाणी प्याले. त्यानं तांड्यातून माणसं आणतो म्हटलं, तर त्यांनी त्याचा हात सोडला नाही. त्यांचे शब्द थावराकडून मी दोनदा म्हणवून घेतले. दाजी म्हणाले, "थांब जरा. वहिनीनं पाह्यलंय. आता घंटी वाजल, गाडी थांबल."

मग ते वर बघत पडून राहिले. तिथून वरची वळणं दिसतात. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "थावरा, माजी गाडी कोण हाकून राहिलं?"

थावरानं वर पाहिलं नाही. चढावरच्या त्या मागच्या जागेकडं त्यांच्यात पाहत नाहीत.

"बराबर हाकतो," दाजी म्हणाले. नंतर बोलले नाहीत, पण जीव होता. आम्ही पोचायच्या जरा आधी गेले. घरमोटार तिसऱ्या वळणावर थांबली असती, तर त्यांना आत निजवून हिंगोलीच्या दवाखान्यात नेता आलं असतं. वाचले असते असं मी म्हणत नाही. नेता आलं असतं.

यांना दोरीचं आणि तिसऱ्या वळणाचं काहीही ठाऊक नाही. तुमच्या आधी त्यांना सांगणं मला बरोबर वाटलं नाही. थावरा नजरेआड झाला की सांगेन.

आता वाटेचं. मोटार सडकेनंच येईल, आणि मागं चाकावर जिनातला मिस्त्री बसेल. तुम्ही त्या जागेवर बसू नका. तिथं कुणी येईल ही भीती आहेच. पण त्याहून मोठी भीती ही, की तुम्ही मागं बसलात तर समोरच्या खिडकीत मी असेन आणि दोरी माझ्या हातात असेल. त्या हाताचा मला भरवसा उरला नाही.

जागा बघायचीच असेल तर थावरा नेईल. पायी जा, दिवसा जा. बाजारातून काही घेतलं तर डोक्यावर घ्या, मागं ओढत नेऊ नका. तो तुमच्या पुढं चालेल. तुमच्या मागं एका माणसाची जागा रिकामी राहू द्या. थावरा म्हणतो, आता त्या जागेत दाजीही आहेत, आणि माथ्यापर्यंत ते तुमच्या मागं येतील. मागं वळून पाहायचं नाही. बोलायचं असेल तर पुढं बघून बोला. त्यांच्या सोबतीनं चालणं मी तुमच्याकडून हिरावून घेतलं, त्यातलं एवढंच काय ते परत करता येतं.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुमच्या स्वभावाला ती द्यावी लागेल, आणि मग तुमचं आणि माझं, दोन्ही ओझी तुमच्याकडंच जातील.

नर्मदा