कोचशिवाय जायचं नाही

अल कुसैस, दुबई
शुक्रवार

प्यारे अब्बा,

तुमच्या इन्शाचा सलाम. मी ठीक आहे, वेळेवर जेवते. अम्मीच्या गुडघ्याला नवं औषध लागू पडलं का?

तुम्ही गावभर सांगितलेली माझी बॉक्सिंगची टायटल फाईट आता होणार नाही. घाबरू नका, मला काही लागलेलं नाही.

फाईट ज्या देशात होती, तिथे काळ्या लोकांच्या वस्त्या वेगळ्या, हॉटेलं वेगळी, स्टेडियमचे दरवाजेसुद्धा वेगळे. मला पाहुणी म्हणून गोऱ्यांच्या दाराने आत घेणार होते. पण माझे कोच जोसेफ केनियाचे. त्यांना रिंगजवळ उभं राहता येणार नाही, असं आयोजकांनी कळवलं.

कोच म्हणाले, "तू जा, इन्शा. असा चान्स पुन्हा येत नाही." ते सरावाआधी माझ्या हाताला पट्टी बांधत होते, पण एकदाही वर बघितलं नाही त्यांनी.

मी मॅनेजरला नाही म्हणून सांगितलं.

"खलास! दुसरी जाईल," तो म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत दुसरीचं नाव लागलंही. माझा इथला व्हिसा त्याच्याच हातात आहे, त्याचं काय ते तो सोमवारी सांगणार आहे.

कोचना कळल्यावर ते माझ्यावर खूप ओरडले. मग बेसिनपाशी जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत राहिले.

हे फोनवर सांगताना रडू आलं असतं, म्हणून लिहून, उद्या गावी येणाऱ्या सुरैय्याखालाबरोबर पाठवतेय. अम्मीला व्हिसाचं बोलू नका. मी चुकले असेन तर रागवा, अब्बा, पण सोमवारच्या आधी एकदा तुमचा आवाज ऐकू द्या.

तुमचीच,
इन्शा