बाबांचं नाक आणि तुझा डबा

प्रिय कोरी,

ऑरेगॉनला तुझं कसं चाललंय ते आधी विचारायला हवं, पण घरचंच सांगून टाकते, नाहीतर माझा धीर सुटेल. बाबा बरे आहेत. जेवतात, बास्केटबॉलवरून डुईशी भांडतात. भट्टीही चालू आहे.

हिवाळ्यात त्यांना ताप आला होता, एवढंच मी फोनवर सांगितलं होतं. पुढचं नाही. एका रविवारी ओव्हनमध्ये मक्याचा ब्रेड करपून कोळसा झाला. मी वासाने अंगणातून धावत आले, तर बाबा ओव्हनकडे पाठ करून निवांत पेपर वाचत बसलेले. "सर्दी आहे," म्हणाले. मी घाबरलेच. जन्मभर वासावर व्हिस्की गाळणाऱ्या माणसाचं नाकच गेलं होतं.

तुझा कॉम्प्युटर अजून भट्टीघरातच आहे. नाक तुझंही बाबांसारखंच तीक्ष्ण, तरी प्रत्येक घाण्याचं तापमान, कडकपणा, वास बिघडायच्या आत बाबांनी धार कधी तोडली, सगळं तू त्यात भरायचीस आणि ते चिडायचे, "आता काय माझ्या नाकाला वायर लावणार?" तू भांडून गेलीस त्या दिवशी त्यांनी पडद्यावर आपली टोपी टांगली, ती तशीच होती.

वसंतात पहिला घाणा लागला. बाबांनी सवयीने थोडी धार तळहातांवर घेतली, चोळली, नाकाशी नेली आणि नुसते उभे राहिले. डुई, इतक्या वर्षांचा आपल्या भट्टीवरचा बडबड्या, बादली घेऊन धारेपाशी आला. मग बाबांनी पडद्यावरची टोपी काढून डोक्यावर घातली. "बघा रे, कोरीचा डबा काय म्हणतो." डब्याने त्यांचेच जुने घाणे दाखवले. ते जिथे धार तोडायचे तिथेच आम्ही तोडली. डुईने हुंगून पाहिलं. "ओल्या कुत्र्याचा वास यायच्या आत सुटलो, वर्जिल!" बाबा किती दिवसांनी हसले! त्यांचं नाक तू जपून ठेवलं होतंस, कोरी. मला रडू आलं.

आता अडचण सांगते. तू जायच्या आधी भरलेली पिंपं या शरदात बाटल्यांत जायची आहेत. कुठल्या पिंपात किती उरलं, गोदामाच्या कुठल्या मजल्यावर किती तापलं, ते डबा सांगतो. कुठलं बुरसटलंय ते नाही. गवत फुललं की माझं नाक बंद, आणि डुईला तर सगळंच आवडतं. एक खराब पिंप मिसळलं की सगळा माल गेला, त्याबरोबर आपलं नावही. बाहेरचं कोणी बोलावू म्हटलं, तर बाबा म्हणाले, "घरात नाक असताना?" आणि उठून गेले.

काल कळलं, ते कुठे गेले होते. एका बोटाने, शिव्या घालत, डब्याशी झटत होते. आता कुठलंही पिंप बाटल्यांकडे पाठवायला गेलं की पडदा अडवतो: 'वास घेऊन मंजुरी देणार: कोरी'. मी नाव बदलायला गेले तर पासवर्ड मागतो. बाबा म्हणतात, विसरलो. चेहरा असा साळसूद की विचारू नकोस. "चुकलं" हे त्यांच्या तोंडून येणार नाही, तुला ठाऊकच आहे. नमुने धाडले असते, पण टपालाने दारू पाठवता येत नाही. आज सकाळी त्यांनी तुझी जुनी खुर्ची पुसून पडद्यासमोर आणून ठेवली. ये.

वाट पाहणारी, तुझीच बहीण,
डार्ला